कोसीचा पांढरा आमचूर

कोसी उसेंडीच्या सात बायकांच्या गटाचा आमचूर गेल्या वर्षी काळा पडला, कारण कुणाच्या तरी सल्ल्यावरून त्यांनी आंबे लोखंडी विळीवर सोलले. व्यापाऱ्याने तोंड वाकडं करून माल परत पाठवला. यंदा सोलायला कोसीने नदीतले शिंपले आणले, दगडावर घासून त्यांना धार लावली आणि शहरातून नवा व्यापारी गाठला. त्याचा टेम्पो पंधरा दिवसांनी येणार होता. माल तयार नसेल तर तो पुन्हा या वाटेला फिरकणार नव्हता.

झाडं कैऱ्यांनी लगडली होती, पण पंडुम, म्हणजे नव्या फळाची गावपूजा, झाल्याशिवाय कैरीला हात लावायचा नाही. गावची पूजा करणारे पेरमा दोग्गेकाका सरळ नाही म्हणाले.

"नऊ घरं मिरची तोडायला नदीपार गेलीत, पोरी. ती नसताना पंडुम कसा करू? बारा दिवसांनी येतील."

कोसीने बोटांवर दिवस मोजले. आमचुराच्या फोडी वाळायलाच आठवडा लागणार होता.

"गुपचूप तोडू," गटातली पैको हळूच म्हणाली. "कोण बघतंय?"

"बुक्की आली की काय सांगू? तुझ्या वाटणीचा आंबा आधीच विकला म्हणून?"

बुक्की कोसीची नणंद, मिरचीच्या शेतात राबत होती. तिची जीभ म्हणजे वस्तराच. कोसीला राग आला होता, काकांचा नाही, त्या बारा दिवसांचा. तिने पदर खोचला.

"चला. आपणच मिरची तोडू."

सातही जणी नाव करून नदीपार गेल्या. त्यांना बघून बुक्की कमरेवर हात ठेवून हसली.

"काय वहिनी, शेटाणीबाई! आंबे सोडून मिरचीवर आलात?"

"तुला न्यायला आले. तुझ्यावाचून पंडुम अडलाय."

"निम्मं शेत बाकी आहे. मालक सोडेल होय?"

"निम्मं ना? मग टोपली दे."

कोसीला मिरची तोडायची सवय नव्हती. पहिल्याच संध्याकाळी बोटं सुजली, डोळे पुसले तर डोळेही पेटले. ती रडली, आणि सकाळी पुन्हा सरीत उतरली. बारा दिवसांचं काम पाच दिवसांत उरकलं. मालकाला अडवायला काही उरलंच नाही.

सहाव्या दिवशी सगळं गाव झाडाखाली जमलं. दोग्गेकाकांनी पहिली कैरी देवापुढे ठेवली, मग घराघराला फोड वाटली. बुक्कीने आपली फोड चावत कोसीच्या सुजलेल्या बोटांकडे पाहिलं.

दुपारी कोसीने शिंपला उचलला. सोललेल्या बोटांवर कैरीचा चीक लागला आणि ती कळवळली. बुक्कीने शिंपला हिसकावून घेतला.

"सर तिकडे. तू फोडी उन्हात पसर. तेवढं जमेल ना?"

फोडी वाळल्या त्या तांदळासारख्या पांढऱ्या. ठरल्या दिवशी टेम्पो आला. व्यापाऱ्याने मूठभर फोडी उचलून वास घेतला, उन्हात धरल्या, आणि पोती चढवायला सांगितली.

"बाई, पुढच्या वर्षी आठ दिवस आधी द्या," जाताना तो म्हणाला.

कोसीने सुजलेली बोटं त्याच्यापुढे धरली.

"आधी हवा असेल तर मिरची तोडायला तुम्हीही या."