घर चुकलात

झेंडूचा वास आला की आणीबाणीच्या वर्षातली नाशिकची ती दुपार आठवते. कचेरीतले नवे सोबती चहाला येणार म्हणून आजोबांचा सत्याग्रहातला, झेंडूचा हार घातलेला फोटो मी आतल्या खोलीत नेऊन ठेवला होता. आमची जात त्यांना ठाऊक नव्हती. चहा चालू असताना एक वयस्कर गुरुजी वही घेऊन दारात आले. मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहात लाठ्या खाल्लेल्यांची माहिती ते घरोघर जाऊन लिहून घेत होते. आजोबांचं नाव घेऊन त्यांनी विचारलं, “त्यांचं घर हेच ना?” मी म्हणालो, “घर चुकलात.” पाहुणे गेल्यावर आई कपबशा विसळताना एवढंच म्हणाली, “लाठ्या पडत होत्या, तरी तुझ्या आजोबांनी नाव लपवलं नव्हतं.” आता वही घेऊन मीच दारोदार हिंडतो, पण आजोबांना पाहिलेलं कोणी उरलेलं नाही.