आईला पुढे ठेवण्याची चूक

कॉलेजात टीव्हीला जोडून जो खेळ खेळायचो, तोच चाळिशीत हातात मावणाऱ्या यंत्रावर मिळाला, म्हणून सयाजीगंजातल्या दुकानातून घेऊन आलो. चौघांची टोळी जमवायची, गुहा धुंडाळायच्या, राक्षस मारायचे. नावं आपण द्यायची, पण चार इंग्रजी अक्षरांत. काका, मामी, ताई बसले. जखमा बऱ्या करणारी बाई असते, तिला आई म्हटलं.

टोळी एकामागे एक चालते आणि पुढच्याला जास्त मार बसतो. म्हणून वैद्य शेवटी ठेवायचा, हे विशीत मला पाठ होतं. पण आता आई मामीच्याही मागून येतेय हे बघवेना. वडीलधाऱ्यांना मागे कसं ठेवायचं? मी तिला पुढे केलं.

खऱ्या आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन होतं त्या सकाळी, निजामपुऱ्यातल्या दवाखान्याच्या बाकावर मी खेळत बसलो होतो. गुहेत विंचू आला आणि आई मेली. या खेळात मेलेलं माणूस शवपेटी होऊन टोळीमागे सरकत राहतं. घाबरून मी भलतंच बटण दाबलं, आणि खेळ तिथेच जतन झाला, म्हणजे मागे जाऊन तिला वाचवायची सोय गेली. आता उपाय एकच, पेटी देवळात न्यायची. तिथला पुजारी माणूस उठवतो. खऱ्या आईला ऑपरेशनसाठी आत नेण्याआधी हे व्हायलाच हवं होतं. तेवढ्यात बॅटरीचा लाल दिवा लागला.

तिथे एकच प्लग होता, पाण्याच्या कूलरचा. मी कूलरची पिन काढून चार्जर लावला.

"ओ भाई, आ शुं करो छो?" हातात पेला घेतलेले एक गुजराती गृहस्थ ओरडले.

"मारां बा गुजरी गयां," मी घाईत त्यांच्याच भाषेत म्हणालो, आई गेली म्हणून. "मंदिरे लई जाउं एटले ऊठशे." देवळात नेली की उठेल.

त्यांनी पेला खाली ठेवला आणि मला मिठी मारली. "हिंमत राखो, भाई." आणखी दोघं आले. एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला. त्या गराड्यात मला बटणं दिसेनात.

तेवढ्यात ऑपरेशनला निघालेली आई स्ट्रेचरवरून आली.

"कोण गेलं रे?"

"तू," मी म्हणालो, आणि सगळं सांगून टाकलं.

"विंचवापुढे मला उभं केलंस?"

"मान म्हणून."

"मान गेला खड्ड्यात. मामीला पुढे कर. ती बोलायला लागली की विंचू पळेल. देऊळ किती लांब आहे?"

"हे काय, आलंच."

आई स्ट्रेचर ढकलणाऱ्याला म्हणाली, "जरा थांबा हो, मला जिवंत होऊ द्या."

तो थांबला. मिठी मारणारे गृहस्थही वाकून बघू लागले. पुजाऱ्याने मंत्र म्हटला, पेटी गेली, आई उभी राहिली.

"आता मागे घे मला," ती म्हणाली. मी घेतलं, आणि मामीला पुढे केलं. मग तिला ऑपरेशनला आत नेलं.

नुसतं बसवेना, म्हणून खेळत राहिलो. दुपारी तिला बाहेर आणलं. डॉक्टर म्हणाले, सगळं छान झालं. गुंगीतच तिने विचारलं, "मामी बरी आहे ना?"

"बरी आहे," मी म्हणालो, आणि यंत्र पाठीमागे धरलं.