धम्मशीला बोलत काऊन नाही

माही सून दीपमाला उंद्रीले आमच्या घरी आली तेव्हा तिचं तोंड घडीभर बंद राहे नाही. वावरात निंदायले गेली की बायाइले हसवून हसवून बेजार करे. अन् पोरगी झाली, धम्मशीला, तशी ही बाई मुकीच झाली.

लग्नाआधी ती सालभर पुण्याले दुकानात कामाले होती. तिथल्या पोरी तिच्या गावाकडच्या बोलण्याले हसत. तो घाव तिच्या मनात बसला. माह्या पोरीले कोणी हसू नये, म्हणे. मंग घरात हुकूम सुटला, लेकरासमोर पुस्तकातलंच बोलाचं. मले म्हणे, "आत्या, तुमी पोरीपाशी कमीच बोला." माहं डोकं सणकलं, पण लेकरू तिचं, म्हणून गप बसलो. तिले तरी पुस्तकातलं किती येते? "बाळा, पाणी पी. बाळा, झोप." पुढं गाडी अडकली की मोबाईल लावून दे.

पोरगी तीन वर्षांची झाली. बोट दाखवे, पण बोले नाही. बुलढाण्याच्या डॉक्टरनं कान तपासले, ते चांगले निघाले. घरात भरपूर बोला, म्हणे. अंगणवाडीच्या पुष्पांजलीबाईनंही तेच सांगतलं. दीपमाला पार बावचळली. "बोलतोच नं आमी. आणखी शुद्ध बोलाव लागते काय?" जो जे सांगे ते करे. जीभ सुटाव म्हणून वेखंडही चाटवलं. पोरगी मुकीच राह्यते काय, या भेवानं तिचं जेवण तुटलं. मलेही काही उमजे नाही.

परवा अंगणात पोरीच्या पायात काटा भरला. रडून राह्यली, पण कुठं ते सांगे नाही. दीपमाला "बाळा, कुठे... कुठे..." करत अडकली, अन् मंग पुस्तकातलं सगळं इसरली.

"कुठं भरला वं माय? दाखव मले. मेला बाभळीचा, माह्या सोनीलेच सापडला काय? थांब, त्याले चुलीतच घालतो." बोलतच राह्यली, कधीचं साचलेलं सारं बाहेर पडलं.

पोरगी रडाची थांबली. मायच्या तोंडाकडे पाहातच राह्यली. मंग टाचेवर बोट ठेवून म्हणे, "माय, इथं दुखून राह्यलं."

माह्या डोयात पाणी आलं. दीपमालानं पोरीले छातीशी धरलं, हसली, अन् तिचं तोंड उतरलं.

"आत्या," हळूच म्हणे, "हिलेही हसतीन काय हो?"

मी म्हटलं, "पहिले काटा काढ."