धाकटीची सुरी

थोरलीने त्या घरात बावीस वर्षं भाजी चिरली, पण तिच्या हाताचं कौतुक कोणी कधी केलं नाही. धाकटी जाऊ आली ती स्वतःची सुरी घेऊनच. वापरून झाली की लगेच धुवायची, कोरडी पुसायची, लाकडी म्यानात ठेवायची आणि आठवड्यातून एकदा दगडावर धार लावायची. तिने कापलेल्या टोमॅटोच्या पातळ चकत्या पाहून सासरे म्हणाले, "वा! याला म्हणतात हात!" थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिची सुरी बोथट. जोर लावला की सटकायची, त्यामुळे बोटांना कायम पट्ट्या.

एका दुपारी स्वयंपाकघरात कोणी नाही असं पाहून तिने धाकटीची ती लाडकी सुरी सिंकमधल्या साबणाच्या पाण्यात, ताटल्यांखाली सोडून दिली. जाऊ दे मेलीची धार!

तेवढ्यात धाकटी आली. "ताई, तुम्ही बसा, भांडी मी घासते," म्हणत तिने फेसाकडे हात नेला.

"थांब! आत सुरी आहे!" थोरली एवढ्या जोरात ओरडली की तिची तीच दचकली.

धाकटीने पाणी सोडून दिलं, मुठीला धरून सुरी उचलली, पुसली. काय घडलं ते तिला कळलंच होतं.

"ताई, तुमचीही आणा. बोथट सुरी सटकते, म्हणून तुमची बोटं कापतात. दोन्हींना बरोबरच धार लावू."

थोरली शेजारी बसून निमूटपणे शिकली. पण आतून जळतच राहिली. मेली भांडलीसुद्धा नाही!