डाव्या हातातली मोठी नोट

आमच्या कॅशियरइतका काटेकोर माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. त्याच काटेकोरपणापायी त्यानं सख्ख्या बहिणीचं दुकान घालवलं. ऐका तर.

छत्तीस वर्षं तो बँकेच्या खिडकीत बसला. शंभराची नि त्यावरची नोट डाव्या हातात, लहान नोट उजव्या हातात, ही त्याची शिस्त. आम्ही चिडवायचो, "अरे, बायकोला कुठल्या हातानं धरतोस?" तो गंभीरपणे म्हणायचा, "ती मोजायची नसते."

त्याची थोरली बहीण, अक्का. सुया, दोरे, बटणं विकायची. साठीत डोळे गेले, तरी दोन भोकांचं बटण की चार, हे हात लावताच सांगायची. अडायचं फक्त नोटांशी. वापरून वापरून त्यांच्या चिंध्या झालेल्या, बोटांना सगळ्या सारख्याच. तिचा पोरगा टपूनच होता.

"आई, गल्ल्यावर मी बसतो. तू घरी पडून राहा."

"मेल्यावर पडायचंच आहे की!"

तेवढ्यात निवृत्त कॅशियरला काम मिळालं. एक कंपनी आंधळ्यांसाठी नोट बघून किंमत बोलणारा फोन बनवत होती. त्यासाठी यंत्राला नोटांचे हजारो फोटो दाखवावे लागतात, नव्या, मळक्या, चुरगळलेल्या, आणि प्रत्येक फोटोखाली खरी किंमत लिहावी लागते. कंपनी मदतनीस देत होती. यानं नाकारले. "चार हात लागले की चूक आलीच." बारा हजार फोटो एकट्यानं काढले. फोन स्टँडवर, नोट हातात. किंमत लिहिताना एकही चूक नाही, बरं का!

घरी अक्कापुढे चाचणी झाली. फोन अक्काच्या हातात, समोर नोट धरणारा कॅशियर. पन्नास वेळा धरली, पन्नास वेळा बरोबर. पोरगा म्हणाला, "महिनाभर बघू. एकदा जरी फसलीस तर दुकान माझं."

अक्का तोंड उघडायच्या आत कॅशियरच म्हणाला, "कबूल!"

दुसऱ्याच दिवशी, दुकान उघडताच, कोटाचं बटण घ्यायला मी दुकानात उभा. माझ्या पुढच्या गिऱ्हाइकानं दहाचे दोरे घेतले, वीसची नोट दिली. अक्कानं उजव्या हातात फोन धरला, डाव्यात नोट. फोन खणखणीत बोलला, "पाचशे." अक्कानं कप्प्यांतून चाचपून चारशे नव्वद परत दिले. गिऱ्हाइकानं माझ्याकडं बघितलं. मी चष्मा पुसला. मनात म्हटलं, यंत्र कसं चुकेल, माझाच चष्मा जुना! तो गेला तो गेलाच.

संध्याकाळी पोरानं गल्ला उघडला. "आई, पाचशेच्या कप्प्यात ही वीसची! पाचशेची कुठाय गं?" अक्कानं सगळे कप्पे चाचपले. मग किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली.

कॅशियर तणतणत कंपनीत गेला, मीही मागोमाग. तिथल्या संगणकवाल्या मुलीनं त्याचेच फोटो पडद्यावर ओळीनं लावले आणि तोंडावर हात धरला. मोठ्या नोटेवर प्रत्येक वेळी डावा अंगठा, लहान नोटेवर उजवा. बारा हजारांत एकदाही बदल नाही.

"काका, मोठी की लहान हे ठरवायला यंत्र नोट बघतच नव्हतं. तुमचा हात बघत होतं."

"पण माझी एकही किंमत चुकली नाही!"

"तेच तर! एखाद्या वेंधळ्यानं काढले असते तर बरं झालं असतं."

मी इतका हसलो की ठसका लागला. मग कंपनीनं दहा वेंधळी माणसं बसवून सगळे फोटो पुन्हा काढले. आता फोन चुकत नाही. आणि दुकानात? पोरगा मोबाईलची कव्हरं विकतो. बटणांचे डबे अक्काच्या खाटेखाली.

कॅशियर रोज नवा फोन घेऊन तिच्याकडं जातो. "अक्का, एकदा बघ तर, आता कुणीही धरू दे!" म्हणत नोट पुढं करतो. ती फोनला हात लावत नाही.

"नोट राहू दे रे. हात कुठला, तेवढं सांग."

आणि हा शहाणा अजूनही खरं सांगतो, "डावा."