मागाच्या दणक्यानं जागणारा कॉम्प्युटर

सुताला लावायच्या खळीचा वास आला की अड्याळच्या घरातली ती दुपार आठवते. सुटे भाग आणून मी कॉम्प्युटर जोडला होता, पण तो काही केल्या स्लीपमध्ये राहत नव्हता. स्क्रीन काळी होई आणि मिनिटभरात पुन्हा उजळे. चार दिवस सेटिंग बदलून, वायरी काढून-लावून मी पार थकलो होतो. त्या दुपारी शेजारच्या खोलीतला बाबांचा हातमाग थांबला आणि स्क्रीन पहिल्यांदाच काळी राहिली. मागाच्या दणक्यानं टेबलावरचा माऊस हलत होता. मी ओरडलो, “बाबा, तुमच्या मागानंच उठून राहिला होता हा!” “मंग राहू दे बंद थोडा येळ. मीबी थकलो बाप्पा,” म्हणत बाबा मागाजवळच आडवे झाले. माऊस काढून ठेवला तरी काम भागेल, हे मी त्यांना संध्याकाळी सांगितलं. आज वाटतं, आठवडाभर तरी सांगायला नको होतं.