दगडावरच्या दोन रमा

आजीच्या स्मृतिशिलेवरचा एक बरोबर आकडा मी चुकीचा करायला निघालो होतो.

मी अविनाश कर्णिक, वय चोपन्न, वाणिज्य पदवीधर, राहणार कर्जत. माझ्या सुमनआत्याला जाऊन आज एक वर्ष झाले. तिने मला त्या चुकीपासून कसे वाचवले, याची नोंद राहावी म्हणून ही पोस्ट.

खालापूरजवळ आमच्या शेतात आजी-आजोबांची शिला आहे. अक्षरे झिजली होती. ती पुन्हा कोरून घ्यावीत, हा आग्रह आत्याचाच. ती खोपोलीला राहायची, वय त्र्याऐंशी.

"कोरण्याआधी नीट तपास हं. तुला चुका लगेच दिसतात."

दिसली.

शिलेवर होते : रमाबाई, मृत्युसमयी वय सेहेचाळीस.
आजी गेली तेव्हा आत्या चौतीस वर्षांची होती.

म्हणजे आजी बाराव्या वर्षी आई झाली?

मी निष्कर्ष काढला : मूळ कोरणाऱ्याची चूक. छप्पन्न हवे.

पाथरवट म्हणाला, "एका आकड्याचं काम हाय, साहेब. पण दगडावर खोडरबर चालत नाय. खात्री हाय ना?"

मला खात्री होती. केवळ कळवायचे म्हणून आत्याला फोन केला.

"खबरदार हात लावलास तर! आधी कागद बघ."

पाहिले. ग्रामपंचायतीच्या मृत्यू रजिस्टरमध्ये वय सेहेचाळीसच. आत्याच्या शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीखही बिनचूक.

दोन्ही कागद खरे, आणि दोन्ही एकत्र ठेवले की अशक्य.

"मग नाशिकला जा," आत्या म्हणाली. "आपल्या उपाध्यांच्या वह्या असतील."

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमान घराण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी असतात. घरातला जो कोणी अस्थी घेऊन जातो, तो कुटुंबाची माहिती स्वतःच्या हाताने लिहितो आणि खाली सही करतो. गुरुजींनी गाव आणि आडनाव विचारले, एक जाड वही काढली आणि आजोबांचे अक्षर माझ्यासमोर ठेवले.

"पत्नी रमाबाई हिच्या अस्थी घेऊन आलो. माहेरचे नाव यमुना. मागे कन्या सुमन, वय दीड वर्ष."

चार पानांनंतर, तेच अक्षर :
"द्वितीय पत्नी रमाबाई. माहेरचे नाव शांता."

लग्नात सुनेचे नाव बदलायची आमच्याकडे चाल होती. पणजीने दोन्ही सुनांना एकच नाव ठेवले. पुढे शिला उभी राहिली, तेव्हा तिच्यावर एकच रमा आली.

शांता ही माझी सख्खी आजी; सेहेचाळीस हे तिचेच वय. तो न जुळणारा आकडा ही यमुनेची शिलेवर उरलेली एकमेव खूण होती.

आणि मी ती जुळवून टाकणार होतो.

परतताना थेट खोपोली गाठली.

"आत्या, तुला ठाऊक होतं?"

"माझी आई वेगळी, एवढं ठाऊक होतं. तिचं नाव नव्हतं ठाऊक."

"विचारलं का नाहीस कधी?"

"कोणाला? जिनं मला न्हाऊमाखू घालून वाढवलं, तिला? तिनं मला एकदा तरी सावत्र म्हटलं का रे?"

"मग मला सरळ सांगायचंस."

"सरळ सांगितलं असतं तर तू पुरावा मागितला असतास. म्हटलं, आकडा खटकू दे त्याला."

मी वहीच्या पानाचा फोटो तिच्या हाती दिला.

तिने चष्मा दोनदा पुसला.

"यमुना," ती म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "यमुना."

शिलेवर आता दोन ओळी आहेत.
रमाबाई, माहेरच्या यमुना.
रमाबाई, माहेरच्या शांता. वय सेहेचाळीस.

आत्याला खुर्चीत बसवून आम्ही तिथे नेले. तिने दोन्ही ओळींवरून बोट फिरवले.

"आईला सांगते, राग धरू नकोस म्हणून."

"कुठल्या आईला?"

"गप रे. इथं तरी तुझी तपासणी नको."

त्याच महिन्यात ती गेली.

तिच्या मुलाबरोबर अस्थी घेऊन मी पुन्हा नाशिकला गेलो. गुरुजी म्हणाले, "लग्न झालेल्या मुलीची नोंद सासरच्या वहीत होते."

"तिथे होईलच," मी म्हणालो. "इथेही हवी."

त्यांनी वही पुढे केली. आजोबांच्या नोंदीखाली थोडी जागा होती. मी लिहिले :

"कन्या सुमन. यमुनेची मुलगी, शांतेने वाढवलेली."

आणि सही केली.

आत्या, आकडे जुळले. तुला माझा साष्टांग नमस्कार.

अविनाश कर्णिक
कर्जत, आत्याच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी